प्रयागजी उठेना

साताऱ्यातल्या एका बोळातल्या लढाईच्या खेळाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्याकडे तक्रार म्हणून आलं. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले असतील. संध्याकाळी बोळातल्या दोघी आया दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातात मातीनं बरबटलेली केशरी ओढणी होती. "बाई, आता तुम्हीच सांगा पोरांना. रोज माझ्या पोराला आडवं पाडतात, अंगावर हे घालतात आणि ‘अमर रहे, अमर रहे’ करत बोळभर फिरवतात. हसतंखेळतं पोर आहे हो माझं. हे असलं अभद्र कशाला?"

मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पोरांच्या तक्रारी ऐकून कान पिकलेत, पण ही जातच वेगळी होती. पुढचे चार-पाच महिने मी हा खेळ पाहत राहिले आणि एका जुन्या वहीत टिपत गेले. मुलांची खरी नावं इथे देणार नाही. खेळात त्यांना जी नावं पडली होती तीच पुरेत.

आमचा बोळ अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आहे. मान वर केली की तटबंदी दिसते. बोळात खेळायला सातजण. त्यातले तिघे महत्त्वाचे. पहिला ‘प्रयागजी’, वय सात, अंगानं काडी. दुसरा ‘औरंग्या’, वय अकरा, सगळ्यांत थोराड, म्हणून कायमचा शत्रू. आणि तिसरी दहा वर्षांची एक मुलगी, जिला मोठी माणसं ‘फौजीची पोरगी’ म्हणतात. तिचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत, तेव्हा नेमणूक जम्मू-काश्मीरला. ती पाचवीत होती आणि सैनिक शाळेच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ला आमच्याच साताऱ्यात सुरू झाली. मुलींना मात्र तिथे २०२१पासून घ्यायला लागले. ‘पोरी मिलिटरीत नसतात’ असं बोळातल्या एका पोरानं म्हटलं, तेव्हा तिनं त्याला कर्नल संतोष महाडिकांच्या पत्नीचं उदाहरण तोंडावर फेकलं. पोगरवाडीचे महाडिक २०१५मध्ये कुपवाड्यात शहीद झाले आणि स्वाती महाडिक २०१७मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. इकडच्या पोरांना या गोष्टी पाढ्यांसारख्या पाठ असतात.

किल्ल्यापासून सुरुवात

दिवाळीत किल्ला करायचा हे सांगायची गरज नाही. दगड, फुटक्या विटा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, उतारावर पेरलेले अळीव, वर सिंहासनावर महाराज. कुंभाराकडचे मातीचे मावळे आणि बाजारातले प्लॅस्टिकचे हिरवे बंदूकवाले शिपाई एकाच बुरुजावर खांद्याला खांदा लावून उभे. याबद्दल कुठल्याही मुलाला कधी शंका आलेली मी पाहिलेली नाही. फौजीच्या पोरीनं त्या वर्षी दोन गोष्टी वाढवल्या: काडेपेट्यांचं लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, आणि गडाच्या पायथ्याला एसटी स्टँड. ‘स्टँड कशाला?’ असं औरंग्यानं विचारलं. ‘मग ते येणार कसे?’ ती म्हणाली.

किल्ला झाला की पोरं स्वतःच किल्ला होतात. इतर ठिकाणी प्रतापगड खेळतात, अफजलखानाचा कोथळा निघतो. आमच्या बोळात साताऱ्याचा वेढा खेळतात, कारण तो डोक्यावरच घडलेला आहे. डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेब स्वतः इथे येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी साडेचार महिने गड लढवला. एप्रिल १७००मध्ये मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाखाली सुरुंग पेरले. पहिला उडाला तेव्हा तट आत कोसळला आणि प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले. दुसरा उडाला तो उलटा, बाहेरच्या अंगाला, आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेली मोगलांचीच माणसं दगडांखाली चिरडली. प्रयागजींना मराठ्यांनी ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलं. पुढे आठवडाभरातच गड गेला आणि बादशहानं त्याचं नाव ‘आझमतारा’ ठेवलं. हा शेवटचा भाग पोरांना माहीत आहे, पण ते खेळत नाहीत. आमच्या बोळात किल्ला एकदाही पडलेला नाही.

त्यांचा खरा जीव ढिगाऱ्यात. सगळ्यांत लहान पोराला गोणपाटाखाली झोपवायचं, वर माती, पालापाचोळा, कुणाची तरी चप्पल टाकायची. मग बाकीच्यांनी ‘किल्लेदार! किल्लेदार!’ ओरडत उकरायचं. आणि त्यानं एकदम उसळून उभं राहून ‘हर हर महादेव!’ करायचं. ही उसळी इतकी आवडीची की दिवसातून पाच-सहा वेळा मंगळाईचा बुरूज उडायचा. प्रयागजीची आई तेव्हाही तक्रार करायची, पण ती कपड्यांची.

या टप्प्यात नोंद घेण्यासारखं एक भांडण झालं. खेळ मध्येच थांबवायचा असला की पोरं मूठ तोंडाशी नेऊन ‘टाइम्प्लीज’ म्हणतात. फौजीची पोरगी ‘मी लिव्हवर’ म्हणायची. मावळ्यांना कुठली लिव्ह, म्हणून सगळे तिच्यावर तुटून पडले. निवाड्याला माझ्याकडे आले. मी म्हटलं, तिचं बरोबर आहे. पाऊस लागला की मावळे शेतीला घरी जायचे, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा मोहिमेवर निघायचे. झालं. त्या दिवसापासून बोळात ‘लिव्ह’ हा नियम झाला. जो लिव्हवर आहे त्याला कुणी मारायचं नाही, पकडायचं नाही, कुठलं सोंगही द्यायचं नाही. मी हा नियम मान्य केला तेव्हा तो कुठे जाऊन पोचेल याची मला कल्पना नव्हती.

उठायचं नाही

नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या एका जवानाचं पार्थिव साताऱ्यातून गावाकडे गेलं. फुलांनी सजवलेली लष्करी गाडी, पुढे मोटारसायकली, दुतर्फा दुकानं बंद. शाळांनी मुलांना रस्त्याच्या कडेला आणून उभं केलं होतं. औरंग्या आणि प्रयागजी आपापल्या वर्गाबरोबर पोवई नाक्यावर दोन तास उन्हात उभे होते. फौजीच्या पोरीला तिच्या आईनं त्या दिवशी शाळेतच पाठवलं नाही. घरातला टीव्ही बंद ठेवला. पोरीनं ते सगळं शेजारणीच्या मोबाइलवर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वेढा नेहमीसारखाच सुरू झाला. बुरूज उडाला, प्रयागजी गाडला गेला, उकरणं झालं. तो उसळी घेणार तेवढ्यात पोरीनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "नाही. आज उठायचं नाही."

हे मला नंतर औरंग्यानं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, आधी आम्हाला वाटलं ती चिडलीय."

त्या दिवसापासून वेढा मागे पडला. आता खेळ असा: इस्त्रीवाल्याची रिकामी हातगाडी. तिच्यावर प्रयागजी, डोळे मिटून. अंगावर केशरी ओढणी, पांढरा पंचा आणि हिरवं ब्लाउजपीस एकाला एक पिना लावून जोडलेलं. केशरी भाग डोक्याकडेच पाहिजे. एकानं चुकून पायाकडे टाकला तर पोरीनं सगळं उलगडून पुन्हा घातलं. मी नंतर ध्वजसंहिता काढून पाहिली. तिथे हेच लिहिलं आहे. छत्तीस वर्षं मी पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन घेतलं आणि मला हे ठाऊक नव्हतं. मग गाडी बोळाच्या टोकापर्यंत, काठ्यांच्या बंदुकांनी तीन फैरी, आणि शेवटी कापडाची घडी करून ‘आई’च्या हातात.

माझ्या चुका

पहिली चूक सरळच. मी ओरडले. असला खेळ खेळायचा नाही, म्हटलं. पोरांनी माना डोलावल्या आणि खेळ उचलून पाण्याच्या टाकीमागे नेला. आता तो कुणाला दिसेना एवढाच फरक.

दुसरी चूक शिक्षकाची होती, तिचीच मला जास्त लाज वाटते. मी रविवारी सगळ्यांना ओसरीवर बसवलं, लाडू दिले आणि प्रयागजी प्रभू कसे जिवंत निघाले ते रंगवून सांगितलं. म्हणजे, पोरांनो, तुमचा खेळ इतिहासाला धरून नाही, असं सुचवलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खुद्द प्रयागजी लाडू खात म्हणाला, "बाई, तो जुना. तो उठला. हा दुसरा आहे."

यावर मी काय बोलणार?

तिसऱ्या वेळी मी काहीच केलं नाही. टाकीजवळ कट्टा आहे, तिथे मटार सोलत बसायला लागले. पहिले दोन दिवस पोरं अवघडली. तिसऱ्या दिवशी विसरली.

वहीत काय मिळालं

सगळ्यांत आधी वेळ. खेळ चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चाले. त्यात लढाई जेमतेम पाच मिनिटं, कधी तीही नाही. मिरवणूक दहा मिनिटं. उरलेला सगळा वेळ फोनचा. फोन येतो. कुणाला येतो? सरपंचाला. सरपंच कुणाला सांगतो? आईला कोण सांगणार? यावर रोज नव्यानं खल. एके दिवशी तर पाऊण तास फक्त ‘आईला सांगायचं नाही, उद्या सांगू’ एवढंच चाललं होतं, आणि प्रयागजी गाडीवर पडून कंटाळून झोपला होता. खराखुरा.

दुसरं, आई व्हायला कुणी तयार नव्हतं. मुलीही नाहीत. फौजीची पोरगी तर कधीच नाही, ती कायम हुकूम देणारी. शेवटी आई झाला औरंग्या. तोच, अकरा वर्षांचा थोराड पोर. डोक्यावर टॉवेल घेऊन तो पायरीवर बसे आणि घडी घेई. एकदाही हसला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "औरंग्या होण्यापेक्षा बरं."

तिसरी गोष्ट मला फार उशिरा दिसली. या नव्या खेळात शत्रूच नव्हता. वेढ्यात औरंगजेब होता, त्याची छावणी होती, त्याला शिव्या होत्या. इथे कुणी कुणाला मारतच नव्हतं. "हा गेला कसा?" मी एकदा विचारलं. पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. "तिकडं," एकजण म्हणाला आणि हात उत्तरेला केला. म्हणजे टाकीकडे.

मला वाटतं गोम इथे आहे. पोरांच्या लढाईच्या खेळात इतिहास दिसतो असं आपण म्हणतो तेव्हा तलवारी-बंदुकांकडे पाहतो. पण पोर लढाई खेळत नाही. लढाईतलं जे त्याच्या उंबऱ्यापर्यंत येतं तेवढंच खेळतं. सीमेवर काय होतं ते पोरांना दिसत नाही. दिसतो तो फोन, बंद केलेला टीव्ही, कुजबुजणाऱ्या बायका, आणि रस्त्यानं जाणारी गाडी.

माझंच घ्या. डिसेंबर १९७१मध्ये मी नऊ वर्षांची, पुण्यात. खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. आम्ही भावंडं ‘भोंगा’ खेळायचो. एकानं तोंडानं भोंगा वाजवायचा, बाकीच्यांनी खाटेखाली शिरायचं, आणि ‘ऑल क्लिअर’ होईपर्यंत जो शिंकेल तो बाद. त्या खेळात पाकिस्तान नव्हतं, विमान नव्हतं, बांगलादेश तर नव्हताच. अंधार होता आणि शिंक दाबणं होतं.

आमच्या बोळातले एक आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, मूळचे वाळवा तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी सांगली जिल्हा वेगळा झाला नव्हता, सगळा साताराच. १९४३ ते ४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार त्याच मुलखात चाललं. ७ जून १९४३ला जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. मला वाटलं, आजोबा रेल्वे-रेल्वे खेळले असणार. ते हसले. "रेल्वे कुणी बघितली होती, बाई? आम्ही कोर्ट खेळायचो." प्रतिसरकारची गावोगाव न्यायदान मंडळं होती. भांडणं तिथे मिटायची, गुंडपुंड आणि खबरे यांना शिक्षा व्हायच्या. तळपायावर काठीचे फटके, म्हणजे लोकांच्या भाषेत पत्री. त्यावरूनच पत्रीसरकार. आजोबा आणि त्यांच्या सवंगड्यांनी हा शब्द शब्दशः घेतला. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून आरोपीच्या पायाला सुतळीनं बांधायचे आणि त्याला खडखडत गावभर फिरवायचे. "आणि इंग्रज कोण व्हायचं?" मी विचारलं. "कोणीच नाही. चावडीमागचा वड होता, तो इंग्रज. जाता-येता त्याला लाथ मारायची."

वड हा इंग्रज. औरंग्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या बोळात झाडच नाही ना."

या जिल्ह्याचा उंबरा इतरांहून थोडा निराळा आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि इंग्रजांनी तिथे स्मारक उभारलं. इकडे गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ला बंडाच्या आरोपावरून इंग्रजांनी सतरा जणांना फासावर, तोफेच्या तोंडी आणि गोळ्या घालून मारलं. त्यांची नावं आता ‘चार भिंती’ या हुतात्मा स्मारकावर आहेत आणि संध्याकाळी लोक तिथे गार वारा खायला जातात. खुद्द मंगळाईच्या ढिगाऱ्याची एक गोष्ट मात्र पोरांना मी कधी सांगितली नाही. मोगली नोंदींत आहे की आपल्या माणसांची प्रेतं दगडांखालून काढणं अशक्य झालं तेव्हा पायदळातल्या शिपायांनी मोर्च्याच्या लाकडी बांधणीलाच आग लावली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. तीनशे वर्षांपूर्वी शत्रूच्या बाजूलाही प्रश्न तोच होता, गेलेल्याचं आता करायचं काय. पोरं त्याच डोंगराखाली तोच प्रश्न इस्त्रीच्या गाडीवर घेऊन फिरत होती.

मोठ्यांशी बोलणी

फौजीच्या पोरीच्या आईकडे मी मुद्दाम दुपारी गेले. मला वाटलं तिला खेळ माहीत नसेल. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होता. "माझी ओढणी आहे ती," ती म्हणाली. मग चहा ठेवता ठेवता म्हणाली, "घरात ती एक शब्द विचारत नाही, बाई. फोन कट झाला की फक्त एवढंच, रेंज गेली की चार्जिंग संपलं? मी म्हणते रेंज गेली. मग ती अभ्यासाला बसते."

मी त्या दिवशी आणखी काही विचारलं नाही.

प्रयागजीच्या आईची समजूत घालणं अवघड गेलं, आणि तिचंही चुकत नव्हतं. आपलं सात वर्षांचं पोर रोज प्रेत होतंय हे कुठल्या आईला बघवेल? समुपदेशनाची भाषा तिच्यापुढे मी वापरली नाही, मलाही ती फारशी येत नाही. आम्ही तिघींनी बसून ठरवलं ते असं: पोराला नको असेल त्या दिवशी त्याला कुणी झोपवायचं नाही. गाडी मोठ्या रस्त्यावर न्यायची नाही. टाकीमागे लपून खेळायचं नाही, कट्ट्यासमोर खेळायचं. आणि प्रयागजीच्या आईनं स्वतःची एक अट घातली. खेळ संपला की ती मीठ-मोहऱ्या घेऊन दारात उभी राहायची आणि पोराची दृष्ट काढायची. पुढे पुढे बाकीची पोरंही रांगेत उभी राहायला लागली. दृष्ट हा खेळाचाच शेवटचा भाग झाला. मला विचाराल तर आम्ही ठरवलेल्या सगळ्या गोष्टींत तीच सगळ्यांत कामाची ठरली.

खेळ बंद पडला का? नाही. विरळ झाला. संक्रांतीत पतंग आले, मग काही दिवस क्रिकेट. पोरीनं जानेवारीत परीक्षा दिली. फेब्रुवारीत एकदा-दोनदा गाडी फिरली, एकदा तर गाडीवर प्रयागजीऐवजी नुसती उशी होती. प्रयागजी स्वतः ढोल वाजवत होता.

चैत्रात

गावच्या जत्रेसाठी पोरीचे वडील वीस दिवसांच्या सुट्टीवर आले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते कट्ट्यावर बसले होते आणि पोरांनी, कुणाच्या मनात काय आलं कोण जाणे, पुन्हा गाडी काढली. मी उठून थांबवणार होते. त्यांनी हातानंच मला बसा म्हटलं.

ते पाहत राहिले. फैरीची वेळ आली तेव्हा उठले, एका पोराच्या हातातली काठी घेतली आणि उलटी धरून दाखवली. "शोक शस्त्र. नळी खाली. मान खाली. असं." पोरांनी तसं केलं. औरंग्यानं टॉवेल सावरून घडी घेतली. मग वडिलांनी कडक आवाजात हुकूम दिला, "परेड, विसर्जन!" विसर्जन म्हटल्यावर एकजण ‘मोरया’ ओरडला आणि सगळी फिस्सकन हसली. प्रयागजी गाडीवरून उडी मारून खाली आला.

पुन्हा डाव मांडायचा ठरलं. पण प्रयागजीला आता झोपायचं नव्हतं. औरंग्या वडिलांकडे पाहत म्हणाला, "काका, तुम्ही झोपता का? तुम्ही खरे फौजी."

पोरगी गाडीच्या दांड्याला धरून उभी होती. तिनं मूठ तोंडाशी नेली.

"त्यांना नाही घ्यायचं," ती म्हणाली. "पप्पा लिव्हवर आहेत."